फिरती पेटी आणि पहिला वाटा

गुरुवारी सकाळी खांबांवरच्या कर्ण्यांतून आधी ॲकॉर्डियनचं गाणं वाजलं, मग सरपंचबाईंचा आवाज आला. वेंडेलिन तेव्हा डुकराच्या कोठ्यापुढे बादली घेऊन उभा होता.

"शनिवारी सार्वमत आहे. सकाळी सात ते रात्री दहा, सभागृहात. येताना ओळखपत्र आणावं. ज्यांना चालवत नाही त्यांनी कळवलं तर फिरती पेटी घरी येईल. कोंबड्यांच्या खाद्याची गाडी उद्या दुपारी चर्चपुढे थांबेल. पुन्हा सांगते, खाद्याची गाडी उद्या दुपारी."

सार्वमताचं त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

डुक्कर बादलीजवळ आलं आणि खाऊ लागलं. त्याची बायको हर्मिना होती तेव्हा ते तिच्या आवाजाला यायचं. एप्रिलमध्ये तिने ते पोत्यातून घरी आणलं, उन्हाळाभर उकडलेले बटाटे आणि जव खाऊ घातले, आणि ऑक्टोबरात ती गेली. तेव्हापासून वेंडेलिन खाऊ घालत होता. त्याच्याकडे ते बादलीपुरतं यायचं.

गाश्पर सुऱ्यांची पिशवी घेऊन फाटकातून आत आला. गावातली डुकरं तोच मारायचा. एरवी सहकारी शेतीचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याने कोठ्यात डोकावून पाहिलं.

"दीडशे किलो सहज. हर्मिनाचा हात होता बाबा. मग, कधी?"

"शनिवारी."

"शनिवारी? अरे, तू त्या मतदान समितीत बसणार ना?"

"पोरगी ओतिलिया तेवढ्यापुरतीच घरी आहे. उद्या येते, रविवारी तिची गाडी परत."

"मग समितीला नाही म्हणून सांग. तिथे दिवसभर बसून करणार काय? माश्या मारायला जानेवारीत माश्याही नाहीत."

"हर्मिनाची जागा रिकामी होती," वेंडेलिन म्हणाला. "सरपंचबाई म्हणाल्या, बसा. मी हो म्हटलं."

गाश्परने एक सुरी काढून अंगठ्याच्या नखावर धार पाहिली. "पाचला येतो. पाणी उकळतं ठेव."

तो फाटकापर्यंत गेला. 'तू येशील ना मत द्यायला?' एवढंच वेंडेलिनला विचारायचं होतं. तोंडाशी आलेलं त्याने गिळलं.

विचारायचं कुठल्या तोंडाने? त्याने स्वतः सही केली नव्हती.

हे सार्वमत व्हावं म्हणून देशभर सह्या गोळा झाल्या होत्या. एकदा संसद निवडली की चार वर्षं ती तशीच. ती मुदत मध्येच कमी करायची सोय राज्यघटनेत असावी की नसावी, एवढाच प्रश्न होता. गावात सह्या गोळा केल्या हर्मिनाने. बावीस वर्षं ती समितीत बसली होती, मतं मोजली होती. निवडणूक झाली की वर्षाभरात लोक तिला दुकानात गाठायचे. "हर्मिना, चुकलं गं आमचं, ते मत परत दे." जणू मतं तिच्या कपाटात ठेवलेली. ती म्हणायची, "चार वर्षं थांबा, असं सांगायची मला आता लाज वाटते."

जुलैच्या उन्हात, सुजलेल्या पायांना पट्ट्या बांधून, सायकल हातात धरून ती चढ चढायची. बसायची नाहीच सायकलवर. टेकायला म्हणून घ्यायची. वेंडेलिन छपराची पन्हळ दुरुस्त करत होता. शिडीवरूनच तो म्हणाला होता, "कुणासाठी ही पायपीट? तुझ्या पायांनी संसद पडणार आहे का?"

संध्याकाळी तिने एक कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेन, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून मिठाचं भांडं. तीन दिवस तो कागद तिथे होता. तीन दिवस वेंडेलिनने ताटली त्याच्या शेजारी ठेवून जेवण केलं. चौथ्या दिवशी तिने कागद उचलला. मीठ जागेवर ठेवलं.

एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या होत्या. चारशे बारा मतदारांच्या गावात. ते एकशे त्रेचाळीस शनिवारी येतात का, एवढंच त्याला पाहायचं होतं. ते आले तर तिची पायपीट वाया जाणार नव्हती. नाही आले तर शिडीवरून तो जे बोलला तेच खरं ठरणार होतं.

शुक्रवारी दुपारी ओतिलिया आली. ती ऑस्ट्रियात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. या वेळी पाळीने तिची जागा घेणारी सोबतीण आजारी पडली म्हणून तिला दोनच रात्री मिळाल्या होत्या. आठ जणींच्या गाडीतून ती उतरली तेव्हा गालावर खिडकीच्या रबराचा वळ होता.

"बाबा, दाढी करायला काय झालं होतं?"

"उद्या करणार होतो."

"उद्या डुक्कर आहे. त्याची दाढी आधी, मग तुमची का?"

कोट काढायच्या आधी ती कांदे सोलायला बसली. अर्धं पोतं कांदे होते. वेंडेलिनने अंगणात हंडा चुलीवर चढवला, लाकडं आणली, पाणी भरलं. बर्फ वितळून चिखल झाला होता. प्रत्येक बादलीला बूट रुतायचा आणि ओढून काढावा लागायचा. सातव्या बादलीला त्याची कंबर धरली. तो हंड्याला टेकून उभा राहिला, आतून ओतिलिया ओरडली, "बाबा, मरवा कुठे आहे?"

मांस-रक्त भरून उकडलेल्या आतड्यांना मरव्यावाचून चव नसते. दुकानातली पुडी हर्मिना कधी वापरत नसे. दोघांनी फडताळ पाहिलं, खालचं तळघर पाहिलं. शेवटी ओतिलिया माळ्यावर चढली आणि बराच वेळ खाली आली नाही.

"सापडला का?"

ती उशीचा एक जुना अभ्रा घेऊन उतरली. तोंड लाल लोकरीने बांधलेलं होतं. हर्मिनाची गाठ. ऑगस्टमध्ये वाळवून ठेवलेला.

"एवढाच आहे," ओतिलिया म्हणाली. "निम्मा ठेवू?"

"सगळा घाल."

तिने गाठ दाताने सोडवली. लोकर फेकली नाही, मनगटाला गुंडाळली आणि पुन्हा कांद्यांना बसली. कांद्यांचं एक बरं असतं. कुणी काही विचारत नाही.

शनिवारी पहाटे पाचला गाश्पर आला, सोबत त्याचे दोघे मेहुणे. प्रत्येकाने आलुबुखाराच्या दारूचा एकेक घोट घेतला आणि कोठ्याचं दार उघडलं. डुक्कर बाहेर यायला तयार नव्हतं. वेंडेलिनने रिकामी बादली वाजवली. तेव्हा आलं.

गाश्परचं काम झटपट असायचं. गोळी, मग सुरी. रक्त परातीत घेऊन ते गोठू नये म्हणून हाताने सारखं ढवळावं लागतं. ते काम कायम हर्मिनाचं. परात कुणी धरावी हे ठरलंच नव्हतं. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

"अरे, धरा कुणीतरी!" गाश्पर ओरडला.

वेंडेलिन गुडघ्यावर बसला. कोपरापर्यंत हात घातला. रक्त इतकं गरम असतं हे छत्तीस डुकरांनंतर त्याला पहिल्यांदा कळलं. बोटांमध्ये तंतू यायचे, ते तो काढून टाकायचा आणि ढवळायचा.

"उलटं नको, एकाच बाजूने," ओतिलिया वरून म्हणाली. "आई एकाच बाजूने ढवळायची."

सहा वाजून वीस मिनिटांनी तो उठला. डुक्कर लाकडी हौदात होतं, गाश्परचे मेहुणे साखळीने त्याला गरम पाण्यात फिरवत होते. वेंडेलिनने हात धुतले, लग्नातला कोट चढवला आणि सभागृहाकडे निघाला. नखांत रक्त राहिलं ते राहिलंच.

समितीत तिघंच होते. अध्यक्ष क्लाउदिया, बालवाडीची शिक्षिका, वेंडेलिनच्या मांडीवर खेळलेली. दुसरा इग्नात्स, रेल्वेतून निवृत्त झालेला. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तरी ती लिहून ठेवायची त्याची तीस वर्षांची सवय सुटली नव्हती. तिसरा वेंडेलिन. तिसऱ्या खुर्चीवर हर्मिनाने विणलेली निळी उशी अजून होती. तो त्या उशीवर बसला. त्याच्या वजनाला ती लहान होती.

क्लाउदियाने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि यादी आपल्याकडे ओढून घेतली. "मी नावं शोधते, काका. तुम्ही लिफाफे द्या."

सातला दार उघडलं. साडेसातला पहिला माणूस आला. नऊपर्यंत अकरा. हीटर एकच होता आणि तो फटफट वाजायचा. इग्नात्सने डबा उघडून पावाचा तुकडा खाल्ला, चुरा गोळा करून डब्यात टाकला.

"निम्मे मतदार आले नाहीत तर सगळं बाद," तो म्हणाला. "म्हणजे ज्याला 'नाही' म्हणायचंय त्याने घरी बसायचं. आणि जो आला तो 'होय'वाला. गुप्त मतदान म्हणे! दार उघडताच कळतं."

"तू 'नाही'वाला असून इथे बसलायस की," वेंडेलिन म्हणाला.

"मी बसलोय. मत दिलेलं नाही."

दुपारी एकपर्यंत अडतीस झाले. वेंडेलिन येणाऱ्याकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, हा सही केलेला. ही सही केलेली. हा नव्हता, तरी आला. दुकानवाली खिडकीसमोरून दोनदा गेली, आत आली नाही. सही करताना तिने हर्मिनाला बसायला खुर्ची दिली होती, लिंबूपाणी दिलं होतं. हर्मिनाने घरी येऊन सांगितलं होतं.

"तुम्ही मत देऊन घ्या ना, काका," क्लाउदिया म्हणाली. "कुणीच नाहीये."

"नंतर देतो."

दोन वाजता फिरती पेटी निघाली. एकाच घरी जायचं होतं: चढावरच्या अपोलोनिया मावशीकडे. वय एक्क्याण्णव, पाय गेलेले. ती हर्मिनाची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. नियमाप्रमाणे पेटीबरोबर दोघं लागतात. इग्नात्सने पेटी छातीशी धरली, वेंडेलिनने लिफाफ्यांची पिशवी घेतली.

वाट वेंडेलिनच्या घरावरून होती. अंगणात डुक्कर दुभागून टांगलेलं, हंड्यातून वाफ, आणि मरव्याचा वास थेट रस्त्यापर्यंत. ओतिलिया फाटकात उभी होती. हातात झाकणाचं दुधाचं भांडं, वर फडक्यात बांधलेली ताटली.

"मावशीकडेच चाललात ना? हा तिचा वाटा. सूप गरम आहे, सांडू नका."

डुक्कर मारलं की शेजाऱ्यांना वाटा द्यायचा आणि पहिला वाटा अपोलोनिया मावशीचा. हर्मिना स्वतः घेऊन जायची. वेंडेलिनने भांडं घेतलं. घ्यायचं नाही, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. हात पुढे झाला आणि भांडं हातात आलं.

चढावर इग्नात्स दोनदा थांबला. एकदा दम घ्यायला. दुसऱ्यांदा त्याने भांड्याकडे पाहिलं.

"वेंडेलिन, ते दारात ठेव."

"गार होईल की."

"आत नेऊ नको म्हणतो."

"अरे, सूप आहे ते," वेंडेलिन म्हणाला आणि दार ढकललं.

मावशी चुलीशेजारच्या पलंगावर बसून होती. डोक्याला काळा रुमाल. तिने आधी पेटी पाहिली नाही. नाक वर केलं.

"आला वाटा! मला वाटलं, ती गेली म्हणजे वाटाही गेला. आण इकडे. चमचा त्या खणात आहे."

"मावशी, आधी मत द्या," इग्नात्स म्हणाला.

"आधी जेवते."

"मावशी, हे सरकारी काम आहे."

"मग सरकारला बसायला सांग."

ती जेवली. हळूहळू, एक दात होता त्याने. पेटी टेबलावर पावाशेजारी होती. इग्नात्स उभाच राहिला, टोपी हातात घेऊन. मावशीने आतड्याचा तुकडा चाखला, चमचा थांबला.

"हा तिचाच मरवा आहे."

"हो," वेंडेलिन म्हणाला.

मावशीने ताटली पावाने पुसली, तोंड पुसलं, मग कागद मागितला. तो डोळ्यांशी नेला, लांब धरला.

"फुली कुठे मारू? हर्मिना काय म्हणायची?"

"आम्हाला सांगता येत नाही," इग्नात्स म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? वेंडेलिन, काय म्हणायची ती?"

वेंडेलिन उत्तर देऊ शकला नाही. नियम होता म्हणून नव्हे. ती काय म्हणायची ते त्याने कधी नीट ऐकूनच घेतलं नव्हतं. शिडीवर होता तो.

"बरं," मावशी म्हणाली. "मी सही संसदेला नाही दिली. ती उन्हातून आली, पाय असे भोपळ्यासारखे. तिला म्हटलं, आण गं कागद. तिला दिली सही." तिने दोघांकडे पाठ केली, फुली मारली, लिफाफा चाटून बंद केला आणि पेटीत टाकला. "झालं. भांडं धुवायला लावू नका मला."

उतारावर इग्नात्स म्हणाला, "मला लिहावं लागेल."

"काय?"

"समितीच्या सदस्याने मतदाराला खाऊ घातलं आणि मग मत घेतलं. लिहावं लागेल, वेंडेलिन."

"दरवर्षी तुझ्या घरी येतो तो वाटा! आजही तुझा बांधून ठेवलाय."

"दरवर्षी माझ्या घरी पेटी येत नाही."

चिखलात दोघांचे बूट वाजत राहिले.

इग्नात्सने नोंद लिहिली, सुबक अक्षरात. 'मतदाराने प्रथम सूप घेतले.' क्लाउदियाने ती वाचली, तिला हसू आलं, मग ते मावळलं. तिने जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावला. पाठ वळवून हळू बोलली. फोन ठेवून वळली.

"मावशीचं मत राहील," ती म्हणाली. "पण ते म्हणतात… काका, तुम्ही घरी जा. घरी माणसं जेवायची असतील. तुमच्या जागी सरपंचबाईंच्या ऑफिसातली मुलगी येईल."

"मी काही चोरी केली का?"

"नाही हो काका."

"बावीस वर्षं ती इथे बसली. मला आठ तास बसता आलं नाही." तो उठला. निळी उशी काखेत मारली आणि निघाला. इग्नात्स हीटरकडे बघत होता.

घरी टेबलाभोवती गाश्पर, त्याचे मेहुणे आणि शेजारचं जोडपं जेवत होतं. तोंडं लाल, बाह्या वर. ओतिलिया उभ्यानेच वाढत होती. वेंडेलिनला पाहून गाश्पर म्हणाला, "सुटलास? बस. काय म्हणते संसद? पडली का?"

सगळे हसले. वेंडेलिन बसला नाही. दारात उशी घेऊन उभा राहिला.

"मला काढून टाकलं."

मग त्याने सुपाचं सांगितलं. शेजारीण हसता हसता थांबली. ओतिलियाने हातातला डाव खाली ठेवला. "मी दिलं ते भांडं," ती म्हणाली.

"तू दिलंस, मी नेलं." त्याने टेबलाकडे पाहिलं. एकेक चेहरा. "इथे बसलेल्या गावातल्या प्रत्येकाने सही केली होती."

चमचे थांबले. गाश्परने बोटं पावाला पुसली.

"केली होती," तो म्हणाला. "ती आली होती मागायला. घरात आली, बसली, पोरांची चौकशी केली. आज कोण आलं मागायला? कर्ण्यातून सांगितलं, आणि पुन्हा सांगितलं ते खाद्याच्या गाडीचं. गुरुवारी तुझ्यासमोर उभा होतो मी. तू तरी म्हणालास का, गाश्पर, ये म्हणून?"

"नाही म्हणालो."

"मग?"

"मी स्वतः सही केली नव्हती," वेंडेलिन म्हणाला. "तिने तीन दिवस कागद इथे ठेवला होता. या टेबलावर. मी नाही केली."

चुलीवर चरबी कढत होती, तेवढाच आवाज. ओतिलियाला हे माहीत नव्हतं. ती मनगटावरची लाल लोकर फिरवत राहिली.

"आता तरी विचारतो," वेंडेलिन म्हणाला. "येता का? काही उपयोग नाही. निम्मे काही येत नाहीत. तरी येता का?"

गाश्परने एका मेहुण्याकडे पाहिलं, तो भिंतीला टेकून झोपला होता. दुसरा म्हणाला, त्याचं गाव दुसरं, ओळखपत्र तिकडे. शेजारच्या नवराबायकोने एकमेकांना विचारलं, कोट कुठे ठेवला. गाश्पर उठला. "एप्रन काढू का?"

"राहू दे," वेंडेलिन म्हणाला.

बाहेर उजेड उतरत होता. ओतिलिया धरून पाच जण रस्त्याच्या कडेने एकामागून एक चालले. वाटेत गाश्परला आठवलं, ओळखपत्र ट्रॅक्टरवर घालायच्या कोटात राहिलं. तो शिव्या देत घरी वळला. दुकानाशी वेंडेलिन थांबला. दुकानवाली फळ्या लावत होती. तो आत गेला, टोपी काढली. काय बोलला ते बाहेर ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा ती मागून रुमाल बांधत येत होती.

सभागृहात ऑफिसातली मुलगी तिसऱ्या खुर्चीवर बसून फोन बघत होती. क्लाउदियाने प्रत्येकाचं ओळखपत्र मागितलं, वेंडेलिनचंसुद्धा. त्याने दिलं. तिने नाव शोधलं, खूण केली, लिफाफा दिला.

पडद्यामागे टेबल डगमगत होतं. वेंडेलिनने प्रश्न वाचला. लांबलचक वाक्य होतं. अर्ध्यात तो मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. यासाठी ती घरोघर फिरली होती. आता कळलं असं नव्हे. पण आता शेवटपर्यंत वाचलं. 'होय'पुढे फुली मारताना अंगठ्याला अजून चिकटून राहिलेली चरबी कागदाला लागली. तिथे कागद पारदर्शक झाला, खालचं टेबल दिसू लागलं. त्याने घडी केली.

पेटीत टाकून तो क्लाउदियासमोर आला. "किती?"

"काका, सांगायचं नसतं." मग तिने यादीवर बोट फिरवलं. "एकसष्ट."

एकसष्ट. तेवढ्यात गाश्पर धापा टाकत आत आला, एप्रनवर रक्त, हातात ओळखपत्र. "बासष्ट करा."

वेंडेलिनने काखेतली उशी काढून क्लाउदियासमोर ठेवली.

"दहापर्यंत बसायचंय तुला," तो म्हणाला. इग्नात्सकडे वळला. "तुझा वाटा उद्या आणतो."

"आणशील?"

"पेटी गेल्यावर आणतो."

इग्नात्सने मान हलवली. तो लिहिण्यासारखं काही शोधत होता, सापडलं नाही.

घरी हंडा तसाच होता, आत चरबीचा थर धरू लागलेला. गार पडण्याआधी तो घासावा लागतो, नाहीतर आठवडाभर सुटत नाही. ओतिलियाने गरम पाणी आणलं. वेंडेलिनने चुलीतली राख ओंजळीने आत टाकली, पोत्याचा तुकडा घेतला आणि वाकला. कंबर दुखत होती. दोघं समोरासमोरून घासत राहिली.

"बाबा," बऱ्याच वेळाने ओतिलिया म्हणाली, "तुम्ही उलटं घासताय."

तो थांबला. हाताची दिशा बदलली आणि पुन्हा घासू लागला.